यकृतातल्या गंधकाची गोष्ट

ताप आला की आपण पॅरासिटामॉलची गोळी घेतो. ठरलेल्या मात्रेत ती निर्धोक असते. मात्रा फार वाढली की मात्र यकृतात तिच्यापासून एक जहाल पदार्थ भराभर तयार होतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. पूर्वी अशा रुग्णापुढे डॉक्टर हतबल असत. १९७० च्या दशकात त्यावर उतारा सापडला. त्याचं नाव एन-ॲसिटिलसिस्टीन, थोडक्यात एनएसी. पहिल्या ८ तासांत तो दिला तर यकृत जवळजवळ हमखास वाचतं. आजही जगभरच्या रुग्णालयांत हेच औषध वापरतात.

२०२१ मध्ये हाँगकाँग विद्यापीठातल्या संशोधकांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. यकृताच्या कर्करोगाचे उंदीर घेऊन त्यांनी त्यांना हेच एनएसी आणि त्याच कुळातलं ग्लुटाथायोन देऊन पाहिलं. ज्या उंदरांना ते मिळालं त्यांच्या यकृतात गाठी अधिक सहज धरल्या आणि अधिक वेगानं वाढल्या.

रेणू तोच, अवयवही तोच. एका ठिकाणी तो निरोगी पेशीला मरणाच्या दारातून परत आणतो, दुसऱ्या ठिकाणी जी पेशी मरायला हवी तिलाच जगवतो. हे कसं घडतं हे समजून घेताना मी पुन्हा पुन्हा थक्क झालो, कारण धागा सोडवत गेलं की शेवटी हाती लागतो तो गंधकाचा एक अणू.

ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा छोटासा रेणू आहे. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन. मधल्या सिस्टीनला गंधकाचा एक अणू लटकलेला असतो आणि सगळी करामत त्याची. गंधक आपला इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतो. पेशीत एखादा आक्रमक रेणू कुणाचा तरी इलेक्ट्रॉन ओरबाडायला निघाला, तर ग्लुटाथायोन मध्ये पडून स्वतःचा देतं. मग असे दोन रिकामे झालेले रेणू गंधकाला गंधक जोडून एकत्र बसतात, एक विकर येऊन त्यांना पुन्हा सुटं करतं, आणि ते पुन्हा कामाला लागतात. शरीरात ग्लुटाथायोनचे सर्वांत मोठे साठे जिथे असतात त्यांत यकृत अग्रभागी आहे, आणि ते साहजिकच आहे. आतड्यांतून शोषलेलं जवळपास सगळं, मग ते जेवणातलं असो, औषधातलं असो की दारूतलं, रक्तावाटे आधी यकृताच्या दारात येतं. सुमारे दीड किलोचा हा अवयव दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त तपासून पुढे पाठवतो.

पॅरासिटामॉलपासून तयार होणारा विखारी पदार्थसुद्धा याच गंधकाला जाऊन चिकटतो आणि निष्प्रभ होतो. ग्लुटाथायोनचा साठा सुमारे ७० टक्के संपला की मात्र त्याला अडवणारं कुणी उरत नाही; मग तो पेशीच्या प्रथिनांवर तुटून पडतो. एनएसी काय करतं, तर सिस्टीन पुरवतं. म्हणजे गंधक पुरवतं. साठा पुन्हा भरतो आणि यकृत वाचतं.

इथपर्यंतची गोष्ट ऐकली की कुणालाही वाटेल, मग रोजच का घेऊ नये? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी मांडलं की म्हातारपणाच्या मुळाशी मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल्स आहेत. ऑक्सिजन वापरून ऊर्जा करताना पेशीत हे उपद्रवी रेणू निर्माण होतात आणि शरीराला आतून झिजवतात. १९६९ मध्ये जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवलं की असल्याच एका मूलकाला, सुपरऑक्साइडला, निकामी करणं एवढंच काम असलेलं एक विकर आपल्या पेशींत आहे. निसर्गानं शत्रूसाठी खास शस्त्र घडवलं आहे म्हणजे शत्रू खराच असणार. पुढे दोन वेळा नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांच्यासारख्या माणसानं क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचा हिरिरीनं पुरस्कार केला. इलेक्ट्रॉन ओरबाडणारं ऑक्सिडंट वाईट, त्याला अडवणारं अँटिऑक्सिडंट चांगलं, हे समीकरण डब्यांवर, जाहिरातींत आणि लोकांच्या बोलण्यात पक्कं बसलं.

पण ज्यांना आपण नुसते उपद्रवी म्हणतो त्या रेणूंवाचून आपण जगू शकत नाही. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात आणि मग त्याच्यावर सुपरऑक्साइडचा मारा करतात. त्यासाठी या पेशी सुपरऑक्साइड मुद्दाम बनवतात. काही मुलं जन्मतःच हा मारा करू शकत नाहीत. साधे वाटणारे जंतुसंसर्ग त्यांना पुन्हा पुन्हा गाठतात आणि जिवावर बेततात. शिवाय हायड्रोजन पेरॉक्साइडचे अल्पसे अंश पेशीच्या आतला निरोप म्हणून काम करतात: वाढ, थांब, दुरुस्त हो. आणि नुकसान हाताबाहेर गेलं तर, मर. हा शेवटचा निरोप कर्करोगाच्या बाबतीत फार मोलाचा आहे.

या सगळ्याचा तोल राखायला पेशीत एक यंत्रणा आहे. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात विलक्षण भाग हाच. एनआरएफ-२ नावाचं एक प्रथिन आहे. ते पेशीच्या केंद्रकात गेलं की संरक्षणाची शेकडो जनुकं एकदम जागी करतं. ग्लुटाथायोन बनवणारी जनुकंही त्यांतलीच. पण एरवी त्याला केंद्रकापर्यंत जाऊच दिलं जात नाही. कीप-१ नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि नष्ट करायला पाठवतं. एनआरएफ-२ चं निम्मं प्रमाण जेमतेम २० मिनिटांत संपतं. पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडते. पाहुणा कधी येईल सांगता येत नाही म्हणून एखाद्या घरी दिवसभर भाकऱ्या थापाव्यात, कुणी आलं नाही तर बाजूला टाकाव्यात, आणि पाहुणा उंबऱ्यात दिसताच तव्यावरची गरम भाकरी त्याच्या ताटात पडावी, तसं हे. उधळपट्टी वाटते खरी, पण संकट आलं तर पेशीला नवं काही बनवत बसावं लागत नाही. फक्त मोडणं थांबवावं लागतं.

आणि संकट आलं हे कळतं कसं? कीप-१ च्या अंगावर २७ सिस्टीन आहेत, म्हणजे गंधकाचे २७ अणू. ऑक्सिडंट किंवा विषारी रेणू त्यांतल्या ठरावीक अणूंना चिकटला की कीप-१ चा आकार बदलतो, एनआरएफ-२ वरची पकड सुटते. पेशीला धोक्याची चाहूल गंधकाच्या अणूतून लागते आणि धोक्याशी लढणारं शस्त्रही गंधकाचंच! १९९० च्या दशकात जपानमध्ये मासायुकी यामामोतो, केन इतोह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जोडीची उकल केली.

आता ही यंत्रणा यकृताच्या कर्करोगाच्या वाटेवर काय करते ते पाहायला चीनमध्ये जाऊ. यांगत्से नदीच्या मुखाशी, शांघायच्या पलीकडच्या काठावर छीतोंग नावाचा भाग आहे. यकृताचा कर्करोग तिथे फार होता. हिपॅटायटिस-बी चा विषाणू घरोघरी आणि जोडीला मक्यावर धरणारी बुरशी. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते आणि ते यकृताच्या डीएनएला जाऊन चिकटतं. आपल्याला हे विष परकं नाही. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात पावसात भिजून बुरशी धरलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि १०० हून अधिक माणसं दगावली.

छीतोंगमध्ये संशोधकांनी मिठात सेलेनियम मिसळून पाहिलं. आवर्त सारणीत सेलेनियम गंधकाच्या बरोबर खालच्या घरात बसतं. त्याचा धाकटा भाऊच म्हणा. ग्लुटाथायोनला हाताशी धरून पेरॉक्साइड नष्ट करणाऱ्या विकराच्या गाभ्यात सेलेनियमचाच अणू असतो. काही वर्षांत त्या भागातलं यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं घटल्याचं त्यांनी नोंदवलं. पुढे याच छीतोंगमध्ये अमेरिकेतल्या थॉमस केन्सलर यांच्या गटानं चिनी सहकाऱ्यांबरोबर ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय लोकांना दिलं. कोबी, मुळा, मोहरी या कुळातल्या भाज्यांना जो उग्र दर्प असतो तो गंधकाच्या संयुगांचा, आणि ब्रोकोलीतलं तसलंच एक संयुग कीप-१ च्या गंधकाला चिकटून एनआरएफ-२ ला मोकळं करतं. केन्सलर यांच्या गटानं उंदरांच्या मोठ्या जातीवर, रॅट्सवर, याहून कितीतरी जहाल असं एनआरएफ-२ जागवणारं औषधही वापरून पाहिलं. अफ्लाटॉक्सिन दिलेल्या बहुतेक सगळ्या रॅट्सना यकृताचा कर्करोग झाला. औषध मिळालेल्यांपैकी एकालाही झाला नाही.

म्हणजे कर्करोग होण्याआधी ही ढाल खरीखुरी ढाल आहे.

होऊन गेल्यावर मात्र चित्र उलटतं. कर्करोगाची पेशी अधाशी असते, भराभर विभागते, तिची ऊर्जेची भट्टी सतत धगधगते, आणि म्हणून तिच्यात ऑक्सिडंटसुद्धा निरोगी पेशीपेक्षा जास्त तयार होतात. ती कायम मरणाच्या काठावर उभी असते. थोडे ऑक्सिडंट वाढले तर ती कोसळेल. तगायचं तर तिला अँटिऑक्सिडंट हवेत, निरोगी पेशीपेक्षाही जास्त. ती ते मिळवते कसे? यकृताच्या काही गाठींत एनआरएफ-२ किंवा कीप-१ च्या जनुकात असे बदल झालेले सापडतात की पकड कायमची सुटते. सॅन दिएगोतल्या मायकेल करिन यांच्या गटानं २०१६ मध्ये आणखी एक वाट दाखवली. आजारी यकृतात पी-६२ नावाचं प्रथिन साठत जातं, ते कीप-१ ला अडकवून ठेवतं, एनआरएफ-२ मोकळं राहतं, आणि मोडकळीला आलेल्या पेशी मरण्याऐवजी गाठीच्या रस्त्याला लागतात. संकटकाळी उघडायचा दरवाजा कायमचा उघडा राहतो.

अशा पेशीला बाहेरून आयतं एनएसी किंवा ग्लुटाथायोन मिळालं तर? ती आणखी तगते; हाँगकाँगच्या उंदरांमध्ये तेच दिसलं. त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट रुग्णांच्या दृष्टीनं जास्त काळजीची आहे. सोराफेनिब हे यकृताच्या पुढे गेलेल्या कर्करोगात २००७ पासून वापरलं जाणारं औषध आहे. गाठीतले ऑक्सिडंट वाढवणं हा त्याच्या माऱ्याचा एक भाग. अँटिऑक्सिडंट सोबत दिल्यावर त्याचा मारा बोथट झाला. याच्याशी नातं सांगणारी एक मजेची बाब म्हणजे पेशीच्या मरणाचा एक आगळा प्रकार. त्याला २०१२ मध्ये नाव मिळालं, फेरोप्टोसिस. यात लोहाच्या मदतीनं पेशीच्या आवरणातली चरबी ऑक्सिडाइझ होत जाते आणि आवरण फाटतं. यकृत तर लोहाचं कोठार. आणि या मरणाला अडवणाऱ्या पदार्थांत इ जीवनसत्त्व ठळक आहे.

ही केवळ यकृताची तऱ्हा नाही. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या मार्टिन बर्गो यांच्या गटानं फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या उंदरांना एनएसी आणि इ जीवनसत्त्व दिलं. गाठी फोफावल्या आणि उंदरांचं आयुष्य जवळपास निम्म्यावर आलं. कारण शोधलं तेव्हा असं दिसलं की ऑक्सिडंट कमी झाल्यामुळे डीएनएचं नुकसान कमी झालं, आणि नुकसान दिसलं की पेशीला थांबवणारा पी-५३ हा रखवालदार जागाच झाला नाही. पुढच्याच वर्षी टेक्सासमध्ये शॉन मॉरिसन यांच्या गटानं त्वचेच्या मेलानोमाबद्दल दाखवलं की गाठीतून सुटून रक्तात आलेल्या बहुतेक पेशी ऑक्सिडंटच्या माऱ्यानं वाटेतच मरतात. एनएसी दिलं की जास्त पेशी वाचतात आणि दूरवर ठाण मांडतात. आपल्या रक्तात भटक्या कर्करोग-पेशींना ऑक्सिजनचे हे उग्र रेणूच गाठून मारत असतात, हे वाचल्यावर त्यांच्याकडे बघण्याची माझी नजर कायमची बदलली.

हे उंदीर झाले. माणसांचं काय? त्याचं उत्तर फार पूर्वीच, आणि मोठी किंमत मोजून मिळालं होतं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना वर्षानुवर्षं बीटा कॅरोटीन, इ जीवनसत्त्व, दोन्ही किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली होती. अपेक्षा होती की फुफ्फुसाचा कर्करोग कमी होईल. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत धूम्रपान करणारे आणि ॲस्बेस्टॉसचं काम केलेले अशा १८,३१४ लोकांवर असाच प्रयोग चालू होता. तिथे वाढ २८ टक्के दिसली आणि १९९६ च्या जानेवारीत प्रयोग ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावा लागला. फिनलंडच्या प्रयोगात इ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग घटलेला दिसला होता, म्हणून ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर त्यासाठी वेगळा प्रयोग झाला. २०११ चा निकाल सांगतो की इ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो १७ टक्क्यांनी वाढला. गोळ्या घेणारी ही माणसं स्वतःहून पुढे आली होती, निरोगी राहावं म्हणून. त्यांचं ऋण आपल्यावर आहे.

सगळे प्रयोग असे उलटले नाहीत. चीनच्या हनान प्रांतातल्या लिनशियानमध्ये बीटा कॅरोटीन, इ जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिल्यावर जठराच्या कर्करोगानं होणारे मृत्यू घटले. पण तिथल्या लोकांच्या आहारातच या गोष्टींची चणचण होती. छीतोंगच्या मिठाकडेही मी याच नजरेनं पाहतो. उणीव भरून काढणं वेगळं आणि भरलेल्या भांड्यात ओतत राहणं वेगळं.

यकृताच्या डॉक्टरांच्या हातात इ जीवनसत्त्वाला जागा आहे, हेही सांगायला हवं. फॅटी लिव्हर बळावून यकृताला सूज आलेल्या, मधुमेह नसलेल्या रुग्णांना दिवसाला ८०० युनिट इ जीवनसत्त्व ९६ आठवडे दिलं, तेव्हा ४३ टक्के रुग्णांच्या यकृतात सुधारणा दिसली. दिखाऊ गोळीवर ती १९ टक्क्यांत होती. २०१० चा हा अभ्यास आजही वापरात आहे. पण ती निवड बायोप्सी, तपासण्या आणि वय बघून डॉक्टर करतात. औषधाच्या दुकानातून केसांसाठी, चेहऱ्यासाठी म्हणून आणलेली ४०० मिलिग्रॅमची ती हिरवी कॅप्सूल रोज गिळणं हा त्यातला प्रकार नव्हे. प्रौढ माणसाची इ जीवनसत्त्वाची रोजची गरज १०-१५ मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि ती शेंगदाणे, तेल, पालेभाज्यांतून भागते.

आपल्याकडे गोरेपणासाठी ग्लुटाथायोनच्या विरघळणाऱ्या गोळ्या आणि सलाइनमधून इंजेक्शनं घेतली जातात. हे वाचून माझा जीव खरोखर खालीवर होतो. ज्या रेणूचा तोल राखायला पेशीनं गंधकाचे २७ पहारे बसवले, तो रंग उजळावा म्हणून शिरेत सोडायचा! यकृतात हिपॅटायटिस-बी शांतपणे वस्तीला आहे की नाही हेसुद्धा अनेकांना ठाऊक नसतं. हळदीच्या गोळ्यांचंही तसंच. फोडणीतल्या चिमूटभर हळदीला भिण्याचं काहीच कारण नाही. पण अर्क काढून, मिरीच्या सत्त्वानं शोषण वाढवून बनवलेल्या कॅप्सूल ही वेगळी वस्तू आहे. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृत-इजांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी हळदीच्या गोळ्यांमुळे यकृत बिघडलेल्या १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतला एक दगावला.

जगात दरवर्षी साडेआठ लाखांहून अधिक लोकांना यकृताचा कर्करोग होतो. तो बहुतेकदा आधीच जखमी झालेल्या, सिरोसिस झालेल्या यकृतात उगवतो, आणि ज्यांचं यकृत असं आहे तीच माणसं 'लिव्हरसाठी चांगलं' असं लिहिलेल्या डब्याकडे सर्वांत आधी वळतात. त्यांना माझी एकच विनंती आहे. हिपॅटायटिस-बी किंवा सी, सिरोसिस, फॅटी लिव्हर यांपैकी काही असेल, किंवा कोणत्याही कर्करोगावर उपचार चालू असतील, तर घरातल्या सगळ्या कॅप्सूल, पावडरी आणि अर्क एका पिशवीत घालून पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर ठेवा. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत किंवा अन्य कारणानं डॉक्टरांनी स्वतः एनएसी लिहून दिलं असेल तर ते बिनधास्त घ्या, आपल्या मनानं बंद करू नका.

आणि घरात बाळ जन्माला येणार असेल तर हिपॅटायटिस-बी ची लस जन्मानंतर २४ तासांच्या आत टोचून घ्या. तैवाननं १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. दहा वर्षांत तिथल्या ६ ते १४ वयाच्या मुलांमधलं यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. आपल्याकडे ही लस सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते.